निजामाचें क्लोरोफॉर्म कमिशन

जालना जिल्ह्यांत केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यांत असई नांवाचें खेडें आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें शिंदे व भोसले यांच्या फौजांशीं जनरल वेलस्लीची लढाई झाली. कोणतें पथक कोठें नदी उतरलें, किती तोफा कोणाच्या हातीं लागल्या, हें सर्व इतिहासकारांनीं मोठ्या आवडीनें लिहून ठेविलें आहे. इंग्रजांकडील ४२८ लोक ठार झाले, १,१३८ जखमी झाले आणि १८ बेपत्ता झाले, इतका नेमका हिशेबहि मिळतो. मराठ्यांकडील आकडा मात्र जिंकणाऱ्या सेनापतीच्या अंदाजावर सोडून दिलेला आहे. नकाशावर बाण काढणारा इतिहासकार सायंकाळीं थांबतो. ज्यांच्या हातापायांचा गोळ्यांनीं चुराडा झाला होता त्यांची लढाई तेव्हां कोठें सुरू झाली. जखमींसाठीं पुढें अजिंठ्यास इस्पितळ करण्यांत आलें. त्या काळीं पाय कापावयाचा म्हणजे रोग्यास दारूचा घोट पाजावयाचा, दांतांत चामड्याचा तुकडा द्यावयाचा, चार दांडग्या माणसांनीं त्यास दाबून धरावयाचें आणि शस्त्रवैद्यानें दोनतीन मिनिटांत करवत हाडापार न्यावयाची. शस्त्रवैद्याची सारी कीर्ति हाताच्या वेगावर अवलंबून असे. पोट उघडून सावकाश कांहीं दुरुस्त करण्याचा विचारहि कोणी करीत नसे. तितका वेळ तें सहन करणारा माणूस मिळणें शक्य नव्हतें.

असईनंतर ४३ वर्षांनीं, १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं, अमेरिकेंतील बोस्टन शहरीं मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें एका रोग्यास ईथरची वाफ हुंगविली आणि वॉरन या वृद्ध शस्त्रवैद्यानें त्याच्या मानेवरील गांठीवर शस्त्र चालविलें. रोगी ओरडला नाहीं. त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं लंडन येथें लिस्टननें ईथरखालीं एका रोग्याची मांडी कापली, आणि २२ मार्च १८४७ रोजीं कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळांत ईथरची भूल देण्यांत आली. समुद्रापार तार जात नसलेल्या त्या काळांत एक विद्या पांच महिन्यांत अर्धी पृथ्वी ओलांडून आली, यावरून तिची गरज किती होती हें दिसून येतें.

परंतु ईथर आपल्या देशास मानवणारें नव्हतें. तें ३४.६ अंशांवरच उकळूं लागतें. वैशाखांत दुपारीं जालन्यासारख्या गांवीं उष्णमान चाळीस अंशांच्या वर जातें. तेथें बाटलीचें बूच काढतांच औषध रोग्याच्या आधीं हवेसच मिळावयाचें. शिवाय तें स्फोटक; कंदिलाच्या उजेडांत शस्त्रक्रिया करावयाची तर जीव मुठींत धरून करावी लागे. म्हणून ४ नोव्हेंबर १८४७ रोजीं एडिंबरोच्या जेम्स सिम्सन यानें आपल्या घरीं मित्रांसह क्लोरोफॉर्म हुंगून पाहिला आणि त्याचा गुण जगजाहीर केला, तेव्हां हिंदुस्थानांतील डॉक्टरांस तो वरदानच वाटला. तो ६१ अंशांवर उकळतो, पेट घेत नाहीं, त्याचा वास गोड, बाटली खिशांत मावेल एवढी, आणि रुमालावर थोडे थेंब टाकले कीं दोनचार मिनिटांत रोगी निपचित पडतो. पुढील साठसत्तर वर्षें आपल्याकडे ‘भूल’ म्हणजे क्लोरोफॉर्म असेंच समीकरण होऊन बसलें, आणि ज्यांनीं तो कधीं पाहिलाहि नाहीं असे लोक अद्याप कादंबऱ्यांतील खलपुरुषाच्या हातीं क्लोरोफॉर्मचाच रुमाल देतात.

या गोड औषधास पहिल्याच हिंवाळ्यांत गालबोट लागलें. २८ जानेवारी १८४८ रोजीं इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढावयाचें म्हणून क्लोरोफॉर्मखालीं गेली आणि दोनतीन मिनिटांत मरण पावली. नख काढण्यासाठीं प्राण जावा ही गोष्ट इतकी विलक्षण होती कीं मृत्यूचें कारण काय यावर दोन पक्ष पडले. लंडनच्या जॉन स्नो याचें मत असें पडलें कीं वाफ फार दाट दिली गेली तर हृदयच एकाएकीं बंद पडतें. म्हणून वाफ मोजून द्यावी. हाच स्नो १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या प्रसूतीच्या वेळीं तिला क्लोरोफॉर्म देणारा. उलट एडिंबरोच्या साइमचें म्हणणें असें कीं नाडीकडे पाहूंच नका, श्वासाकडे पहा. श्वास नीट चालला आहे तोंपर्यंत रोग्यास भय नाहीं. पहिला पक्ष भूल देणाऱ्यास स्वतंत्र विद्या शिकावयास सांगत होता. दुसरा पक्ष म्हणत होता कीं साधा नियम पाळणाऱ्या कोणाहि होतकरू विद्यार्थ्याच्या हातीं क्लोरोफॉर्म निर्धास्तपणें द्यावा. गरीब देशास, जेथें शंभर कोसांत एक डॉक्टर, तेथें दुसरें मत किती सोईचें होतें हें सांगावयास नको.

हें मत हैदराबादेस आणणारा पुरुष म्हणजे एडवर्ड लॉरी. तो साइमचा शिष्य. १८८५ च्या सुमारास तो हैदराबादेस रेसिडेन्सी सर्जन म्हणून आला आणि तेथील वैद्यकीय शाळेची सूत्रें त्याच्या हातीं गेलीं. ही शाळा १८४६ सालची, म्हणजे ईथरच्याच वयाची, आणि प्रथम तेथें वैद्यक उर्दू भाषेंतून शिकवीत असत. देशी भाषेंतून शास्त्र शिकवितां येतें कीं नाहीं यावर आम्ही प्राध्यापक मंडळी अद्याप वाद घालतों, त्या वादांत या शाळेचें नांव क्वचितच कोणी घेतो! लॉरीच्या काळीं शिक्षण इंग्रजींतून सुरू झालें. जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. गांवांत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. स्वतंत्र जालना जिल्हा १९८१ सालचा. तेव्हां अफझलगंजच्या इस्पितळांत जी भूल देण्याची रीत ठरे, तीच त्या शाळेंतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांबरोबर राज्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील दवाखान्यांत जात असे. असईच्या जखमींच्या पणतवंडांचे हातपाय ज्या वाफेखालीं कापले जावयाचे तिचा निवाडा मुसा नदीच्या कांठीं होणार होता.

लॉरी हा हट्टी माणूस होता, आणि यश मिळालेला हट्टी माणूस फार धोक्याचा. त्याच्या इस्पितळांत हजारों रोग्यांस क्लोरोफॉर्म दिला जाई व मृत्यु होत नसे. कापडाचा शंकु नाकातोंडावर धरावा, वाफेबरोबर हवाहि मोकळी मिळूं द्यावी, आणि विद्यार्थ्यानें डोळा व कान श्वासावरून क्षणभरहि काढूं नये, हा त्याचा दंडक. त्याच्या हाताखालीं ज्यांनीं ही विद्या उचलली त्यांत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी विद्यार्थिनी होती. १८८५ सालीं शाळेंत आलेली ही बाई १८८९ सालीं हकीम होऊन बाहेर पडली, पुढें एडिंबरोस जाऊन तिनें अधिक अभ्यास केला, आणि भूल देणें हेंच तिनें आपलें कार्य मानलें. जगांतील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ असा तिचा उल्लेख पुष्कळ ठिकाणीं होतो. ज्या काळीं आमच्या घरच्या लेकीसुना दवाखान्याची पायरीहि चढत नसत, त्या काळीं एक तरुणी शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या डोक्याशीं बसून रोग्याचा श्वास राखीत होती, ही हैदराबादची गोष्ट लॉरीच्या साऱ्या वादापेक्षां आम्हांस मोठी वाटते.

१८८८ सालीं लॉरीच्या आग्रहावरून हैदराबादेस पहिलें क्लोरोफॉर्म कमिशन बसलें. शंभराहून अधिक कुत्र्यांस मरेपर्यंत क्लोरोफॉर्म देण्यांत आला आणि प्रत्येक वेळीं श्वास आधीं थांबला, हृदय मागाहून थांबलें, असा निकाल देण्यांत आला. १८८९ च्या आरंभीं शाळेच्या बक्षीससमारंभांत लॉरीनें तो मोठ्या डौलानें जाहीर केला. लंडनचें ‘लॅन्सेट’ हें वैद्यकीय पत्र हंसलें. आजवर इतक्या थोर लोकांनीं हृदय बंद पडल्याचें पाहिलें तें सारें खोटें काय, असा त्याचा सूर होता. तेव्हां निजाम सहावे असफजाह मीर महबूब अली खान यांनीं एक हजार पौंड देऊं केले व ‘लॅन्सेट’नें आपला माणूस पाठवून समक्ष पहावें असें सुचविलें. एका देशी संस्थानिकानें लंडनच्या विद्वानांस आपल्या खर्चानें प्रयोगशाळेंत बोलवावें, आणि तेंहि शिकारीस किंवा मेजवानीस नव्हे, तर एका शास्त्रीय प्रश्नाचा निवाडा करावयास, ही त्या काळांतील असामान्य घटना होय. आमच्या संस्थानिकांच्या हिशेबवह्यांत असे हजार पौंड फार ठिकाणीं सांपडणार नाहींत.

‘लॅन्सेट’नें टॉमस लॉडर ब्रंटन यास पाठविलें. औषधींच्या गुणधर्मांवर ग्रंथ लिहिलेला हा मातबर पंडित लॉरीच्या मताचा नव्हता. १८८९ च्या शरद ऋतूंत दुसरें कमिशन बसलें. लॉरी अध्यक्ष, आणि सभासदांत ब्रंटन, बॉमफर्ड व हैदराबादचे डॉक्टर रुस्तमजी. कुत्रे, माकडें, घोडे, बकरे, मांजरें, ससे असे मिळून चारशेंहून अधिक प्राणी कामीं आले. रक्ताचा दाब दाखविणारी सुई काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढी, आणि त्या रेघांचीं छायाचित्रें घेतलीं जात. त्या काळच्या मानानें हें काम अत्यंत काटेकोर होतें. थोड्याच आठवड्यांत ब्रंटनचें मन पालटलें. लंडनला तार गेली कीं लॉरीचें म्हणणें बरोबर आहे, मृत्यु श्वास कोंडल्यानें येतो. १८९० सालीं ‘लॅन्सेट’नें सविस्तर अहवाल छापला. त्याचें सार असें कीं श्वासाकडे नीट लक्ष दिलें तर ज्यास शस्त्रक्रियेची गरज आहे अशा कोणत्याहि रोग्यास क्लोरोफॉर्म पूर्ण निर्धास्तपणें द्यावा.

हा निकाल टिकला नाहीं. १८९३ सालीं केंब्रिजच्या गॅस्केल व शोर यांनीं फार कौशल्यानें दोन प्राण्यांचे रक्तप्रवाह असे जोडले कीं क्लोरोफॉर्म एकाच्या मेंदूस पोंचावा पण त्याच्या हृदयास पोंचूं नये. आणि त्यांस आढळलें कीं रक्ताचा दाब उतरण्यास हृदयावर होणारा परिणामच मुख्यतः कारण आहे. १९११ सालीं गुडमन लेव्ही यानें मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं क्लोरोफॉर्म थोडा असतांनाच, रोगी अर्धवट गुंगींत असतांना, भीतीनें किंवा वेदनेनें अंगांत चढणाऱ्या अॅड्रेनलिननें हृदयाचे स्नायु ठोका विसरून नुसते थरथरूं लागतात व क्षणांत सारें संपतें. हॅना ग्रीनर अशीच गेली असावी. हैदराबादच्या प्राण्यांस दाट व सतत क्लोरोफॉर्म दिला जात होता, म्हणून तो अपघात तेथें सहसा दिसलाच नाहीं. भीत भीत थोडी भूल देणारा सावध माणूसच अधिक संकटांत सांपडे, आणि लॉरीचे निर्ढावलेले विद्यार्थी बेधडक पुरी भूल देत म्हणून त्यांचे रोगी वांचत! लॉरीचे आंकडे खरे होते, त्यांवरून काढलेला नियम खोटा होता.

इतिहासाच्या पुस्तकांत हैदराबाद कमिशनची गोष्ट येथें संपते. आमची तक्रार येथून सुरू होते. लॉरी असो, ‘लॅन्सेट’ असो, केंब्रिजचे पंडित असोत, सर्वांचा वाद टेबलावरील दहा मिनिटांचा होता. श्वास आधीं कीं हृदय आधीं? प्राण्याला मारूनच त्याचें उत्तर मिळावयाचें, म्हणून प्रयोग मृत्यूबरोबर संपे. रोगी टेबलावरून खालीं उतरल्यावर काय होतें, तो शुद्धीवर कसा येतो, अन्न केव्हां घेतो, तिसऱ्या दिवशीं त्याचे डोळे कोणत्या रंगाचे दिसतात, हा प्रश्न कमिशनपुढें नव्हता. चारशेंहून अधिक प्राण्यांच्या काजळीवरील रेघा जपून ठेविल्या गेल्या. त्या रेघांत दुसरा दिवस नाहीं.

तो दिवस लंडनमधील लहान मुलांच्या एका इस्पितळांत दिसला. १८९४ सालीं लिओनार्ड गथ्री या डॉक्टरानें आपल्या पाहण्यांतील कांहीं मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया उत्तम झालेली, मूल जागें झालेलें, आईनें सुटकेचा श्वास सोडलेला; आणि मग दहावीस तासांनीं ओकाऱ्या सुरू होत. मूल बेचैन होई, बरळूं लागे, कांहींस कावीळ होई, आणि एकदोन दिवसांत तें गुंगींतच जाई. प्रेत तपासतां यकृत पिवळें व चरबीनें भरलेलें सांपडे. अशा मृत्यूचा दोष भूल देणाऱ्याच्या माथीं मारण्याचें कोणाच्याहि मनांत आलें नसतें. तो तर आपलें काम करून केव्हांच घरीं गेलेला असे. दाखल्यावर दुसरेंच कांहीं कारण लिहिलें जाई.

गथ्रीनें जें खाटेवर पाहिलें तें १९०९ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत व्हिपल व स्पेरी यांनीं प्रयोगानें सिद्ध केलें. प्राणी हैदराबादचाच, कुत्रा. औषध तेंच. फरक इतकाच कीं एकदोन तास क्लोरोफॉर्म दिल्यावर यांनीं कुत्र्यास जगूं दिलें व पुढील दिवसांत त्याच्या यकृताची परीक्षा केली. यकृताच्या प्रत्येक बारीक खंडाच्या मध्यभागीं पेशी मेलेल्या आढळल्या. जो कुत्रा वांचला त्याचें यकृत कांहीं आठवड्यांत पुन्हां पहिल्यासारखें झालें. उपाशी ठेवलेल्या कुत्र्यांस अधिक इजा होई, साखरपिष्टाचें अन्न भरपूर दिलेल्यांस कमी. याच यकृताच्या मागें लागून व्हिपल पुढें रक्ताच्या शोधांत शिरला आणि १९३४ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पण ती गोष्ट निराळी.

उपाशी देहास अधिक इजा, हें वाक्य आम्हांस मराठवाड्याच्या इतिहासावांचून वाचतां येत नाहीं. कमिशनचा अहवाल छापल्यापासून दहा वर्षांच्या आंत, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ दख्खनवर येऊन गेले. ज्या शरीरांत साठा म्हणून कांहीं उरलेला नाहीं, ज्याच्या यकृतास साखर ठाऊक नाहीं, अशा शरीरावर नासूर कापण्यासाठीं किंवा हाड बसविण्यासाठीं क्लोरोफॉर्म धरावयाचा, आणि तोहि सोवळ्याप्रमाणें कडकडीत उपासावर! ‘कोणत्याहि रोग्यास निर्धास्तपणें’ हे शब्द जेथून निघाले तो प्रदेश या दुष्काळांचा होता. लॉरीनें रोग्याचा श्वास जितक्या डोळ्यांत तेल घालून पाहिला तितकाच त्याचा तिसरा दिवस पाहिला असता, तर क्लोरोफॉर्मचें राज्य आपल्याकडे इतकें लांबलें नसतें असें आमचें मत आहे.

ईथरचें याच्या उलट. त्याचा रोगी जागा होतांना अत्यंत ओंगळ दिसे. लाळ गळे, खोकला येई, ओकाऱ्या होत, खोलीस तासन् तास वास येई, आणि पुरती शुद्ध यावयास अर्धा दिवस लागे. नातेवाइकांस वाटे कीं याला कांहीं तरी वाईट दिलें. पण ईथर यकृतास क्लोरोफॉर्मसारखें जाळीत नसे व हृदयासहि सांभाळून घेई. गोड जागें होणें आणि सुखरूप बरें होणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें ओळखावयास वैद्यकाला अर्धशतक लागलें.

जागें होण्यास उशीर कां लागतो याचें गणित मोठें मौजेचें आहे. हुंगलेली वाफ फुप्फुसांतून रक्तांत व रक्तांतून मेंदूंत जाते. रक्त हें मधलें रांजण समजावें. जी वाफ रक्तांत पुष्कळ विरघळते तिला आधीं हें रांजण भरावें लागतें, मग मेंदूचा वांटा. आणि उतरतांनाहि रांजण रिकामें होईपर्यंत गुंगी सुटत नाहीं. हवेच्या मानानें रक्तांत ईथर सुमारें १२ पट विरघळतें, क्लोरोफॉर्म ८ ते १० पट. १९५६ सालीं वापरांत आलेल्या हॅलोथेनचा आंकडा सुमारें २.४, आयसोफ्लुरेनचा १.४, सेव्होफ्लुरेनचा ०.६५ आणि डेसफ्लुरेनचा ०.४२. रांजणाचा लोटा झाला, लोट्याची वाटी झाली. म्हणून आतांचा रोगी टांके पूर्ण होतांच थोड्या वेळांत डोळे उघडतो व आपलें नांव सांगतो. ज्याच्या अंगांत चरबी फार, त्यास दीर्घ शस्त्रक्रियेनंतर जागें होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, कारण चरबी हें दुसरें व फार खोल रांजण आहे.

दुसरें गणित यकृताचें. जी वाफ आली तशी श्वासाबरोबर निघून जाते ती बरी. जी शरीरांत रहाते तिचें यकृतास पचन करावें लागतें, आणि त्या पचनांतून विष निघूं शकतें. हॅलोथेनपैकीं सुमारें वीस टक्के असें शरीरांत पचतें. तें पेटत नसे, खोकला आणीत नसे, म्हणून सर्वांनीं त्याचें स्वागत केलें. आणि मग पुन्हां तीच कहाणी! शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवसांनीं ताप व कावीळ, विशेषतः थोड्या अवधींत दुसऱ्यांदा हॅलोथेन मिळालेल्या रोग्यांस. परंतु या वेळीं वैद्यकानें लॉरीचा मार्ग धरला नाहीं. अमेरिकेंत सुमारें साडेआठ लक्ष रोग्यांच्या नोंदी चाळण्यांत आल्या व १९६६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं यकृताचा असा घात अत्यंत विरळा आहे, परंतु तो कल्पित नाहीं. कुत्रा एकहि मारला नाहीं. मारलेल्या व वांचलेल्या माणसांचे कागद वाचले. सेव्होफ्लुरेनचे दोन ते पांच टक्के, आयसोफ्लुरेनचे ०.२ टक्के आणि डेसफ्लुरेनचे ०.०२ टक्के पचतात. म्हणून हॅलोथेन बहुतेक ठिकाणीं मागें पडलें.

मग आज कोणती वाफ दिली यानें रोग्याच्या बरें होण्यांत किती फरक पडतो? प्रामाणिक उत्तर असें कीं पहिल्या तासांत पडतो, पहिल्या दिवसांत थोडा पडतो, आणि वर्षानें पाहिलें तर जवळजवळ पडत नाहीं. डेसफ्लुरेनचा रोगी सेव्होफ्लुरेनच्या रोग्यापेक्षां कांहीं मिनिटें आधीं डोळे उघडतो, परंतु घरीं जावयाची वेळ दोघांची बहुधा एकच. सेव्होफ्लुरेनवरून जागीं होतांना लहान मुलें कधीं कधीं अर्धा तास कोणास न ओळखतां आकांत करतात. आईबाप घाबरतात, पण तो उतरतो. ओकाऱ्या मात्र सर्वच वाफांच्या मागें लागलेल्या आहेत. पांच हजारांहून अधिक रोग्यांवरील १९०४ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २००४ सालीं, प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें दिसलें कीं वाफेऐवजीं शिरेंतून प्रोपोफोल हें औषध देऊन निजविलें तर ओकारीचा संभव सुमारें १९ टक्क्यांनीं उतरतो. स्त्रियांस, पूर्वीं गाडी लागण्याचा त्रास असणाऱ्यांस, आणि गंमत अशी कीं विडी न ओढणाऱ्यांस, हा त्रास अधिक होतो. हें भूलतज्ज्ञास आधीं सांगण्यासारखें आहे. पण आमच्या घरांत शस्त्रवैद्य कोण याची चौकशी दहा ठिकाणीं होते, भूल कोण देणार हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं.

वर्षाचा हिशेब २०१९ सालीं लागला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या १३ देशांतील ५,४०० रोग्यांपैकीं निम्म्यांस वाफेची भूल दिली, निम्म्यांस केवळ शिरेंतून. वर्षअखेर मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. त्याच वर्षीं ‘लॅन्सेट’नें, होय, हजार पौंड घेऊन ब्रंटनला पाठविणाऱ्या त्याच ‘लॅन्सेट’नें, ६,६४४ वयस्क रोग्यांची पाहणी छापली. त्यांस वाफेची गाढ भूल दिली काय किंवा हलकी दिली काय, वर्षानंतर वांचलेल्यांची संख्या जवळजवळ सारखीच निघाली. या आंकड्यांत कोणाचा विजय नाहीं, म्हणून वर्तमानपत्रांनीं त्यांची दखल घेतली नाहीं. आम्हांस त्यांचें महत्त्व प्रश्नांत दिसतें. १८८९ सालीं ‘श्वास केव्हां थांबला’ असें विचारणारें पत्र आतां ‘माणूस वर्षानें कोठें आहे’ असें विचारीत होतें.

लॉरीच्या पदरीं एक गोष्ट मात्र टाकलीच पाहिजे. जालन्याच्या कोणत्याहि बऱ्या इस्पितळांत आज शस्त्रक्रियेच्या खोलींत गेलें तर रोग्याच्या डोक्याशीं एक यंत्र दिसतें. रोग्यानें सोडलेल्या प्रत्येक श्वासांतील कार्बन डायऑक्साइड मोजून तें पडद्यावर रेघ ओढतें. रेघ सपाट झाली कीं घंटा वाजते. काजळीचा कागद गेला, पण श्वासावरची नजर तीच आहे. हैदराबादच्या शाळेंत जें डोळ्यांनीं व कानांनीं करीत तें आतां यंत्र करतें, आणि यंत्राशेजारीं बसलेला माणूस अद्याप रोग्याच्या छातीकडे पाहतो.

आणि आतां एक नवाच हिशेब पुढें आला आहे. रोग्याच्या श्वासाबरोबर बाहेर पडलेली वाफ इस्पितळाच्या नळीवाटे आकाशांत जाते. डेसफ्लुरेन वातावरणास तापविण्यांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें अडीच हजार पट बलवान आहे. वाटीएवढें रांजण असलेली, सर्वांत लवकर जागें करणारी हीच ती वाफ. क्लोरोफॉर्मच्या भुलीची जन्मभूमि जें स्कॉटलंड, त्या देशानें मार्च २०२३ मध्यें आपल्या सरकारी इस्पितळांतून तिला रजा दिली. तेथील रोगी आतां दुसऱ्या वाफांवर, कांहीं मिनिटें उशिरा, जागे होतात.